दुसऱ्या बाजूचा आवाज

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आई गेली, तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. नवऱ्याला आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत संसार अर्धा झाला. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही — आणि तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येत नाही हे बरं आहे. का, ते कळेलच.

मी पोटासाठी आवाज विकते. म्हणजे, हिंजवडीतल्या एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींना मी उच्चार शिकवते. लातूरहून आलेला मुलगा माझ्या हाताखालून बाहेर पडतो तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटतं, हा आपल्याच गावात बसून बोलतोय. मुलं म्हणतात, मॅडम, तुम्हाला कुणाचाही आवाज काढता येतो. येतो. शाळेत स्नेहसंमेलनात मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची नक्कल केली होती. सगळं सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. नंतर मला जवळ बोलावून एवढंच म्हणाल्या, "छान केलंस. पुन्हा करू नकोस." मला तेव्हा वाटलं, रागावल्या. आता वाटतं, घाबरल्या असतील. आपला आवाज दुसऱ्याच्या घशातून येताना ऐकणं — ते काय असतं, हे मला पुढं कळलं.

तर ती गोष्ट. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरची टायपिंग क्लासची पाटी उतरून कॉम्प्युटर क्लासची पाटी नुकती लागली होती, त्या दिवसांतली. ओळखीतला जो तो सॉफ्टवेअरला चालला होता आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन घरी बसले होते. आई म्हणायची, "इंग्रजी घेऊन काय करणार तू? इंग्रजांना शिकवणार?" अशात वस्त्यांमधून आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला दुभाषी हवी असल्याचं कळलं. परदेशातून एक मुलगी यायची होती. सकाळी संस्थेच्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून पडेल ते काम करायची आणि दुपारी तिच्या विद्यापीठासाठी संशोधन — क्षय झालेल्या बायका दुखणं का लपवतात, औषध मधेच का सोडतात.

तिचं नाव क्लारा. उंच, अबोल, उन्हानं नाक कायम लाल. ती परदेशात आली होती आणि मी माझ्या गावात होते, असं म्हणायचं. पण खरं सांगू? पर्वतीच्या पायथ्याच्या त्या वस्तीत मीही तिच्याइतकीच परकी होते. आमच्या घरून चालत जाण्याच्या अंतरावरची वस्ती, आणि जन्मात मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. क्लारा निदान विचारायची. मी सगळं ठाऊक असल्याचा चेहरा करून बसायची.

दुभाष्याला 'मी' म्हणावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे का? बाई म्हणाली, मला घाम फुटतो, की आपण इंग्रजीत म्हणायचं — मला घाम फुटतो. बाई म्हणाली, मला सासूनं ताट वेगळं दिलं. आपण म्हणायचं, मला सासूनं ताट वेगळं दिलं. दिवसभर मी अशी एकेका बाईची 'मी' व्हायची. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं "भूक लागली का?" विचारलं, तर क्षणभर कळायचं नाही — कुणाला विचारतेय ही?

लता त्या बायकांमधली एक. बार्शीकडची. नवरा सुभाष मंडईत हमाली करायचा, पहाटे जायचा आणि दुपारी घरी यायचा. एक मुलगी, प्रज्ञा, नुकती पहिलीत जायला लागलेली. खोली लहान पण लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली स्टीलचे डबे उंचीनं लावलेले. लतानं औषध दोनदा मधेच सोडलेलं होतं, आणि आता औषध तिला सोडत चाललं होतं. तिला ते कळलेलं होतं. बोलता बोलता थांबायची, हाताचा पंजा वर करायची — थांबा असं — मग खोकायची, आणि जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू करायची. एकही शब्द न गाळता.

क्लाराची एक पद्धत होती. कॅसेटची पहिली बाजू प्रश्नोत्तरांची. दुसऱ्या बाजूला ती प्रश्न विचारायचीच नाही. बाईला म्हणायची, तुम्हाला जे सांगावंसं वाटतं ते सांगा, घरच्या कुणासाठी सांगायचं असेल तर तेही सांगा — आणि स्वतः खोलीबाहेर जायची. परक्या माणसासमोर बाई मोकळी होत नाही, असं तिचं म्हणणं. टेपरेकॉर्डर चालवायला तेवढी मी थांबायची. मी परकी नव्हते, असा तिचा समज.

त्या दुपारी क्लारा बाहेर गेली आणि सुभाष चहा सांगायला गेला. लता भिंतीला टेकून बसली होती. तिनं दाराकडं पाहिलं आणि घाईघाईनं, अगदी खालच्या आवाजात बोलायला लागली. काय बोलली ते मी सांगणार आहे. आत्ता नाही. आत्ता ते लिहायला घेतलं तर पुढचं माझ्याच्यानं लिहून होणार नाही.

बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सांगाल न्हवं?" मी म्हटलं, सांगते.

बाहेर गल्लीत क्लारा उभी होती. शेजारी सुभाष, दोन्ही हातांत चहाचे ग्लास. क्लारानं इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली ती? आणि मी — सुभाषकडं पाहिलं. चांगला दिसत होता हो. दमलेला, डोळे लाल, ग्लास सांडू नये म्हणून कोपरं अंगाशी धरलेला. मी क्लाराला म्हटलं, ती म्हणते, मुलीनं खूप शिकावं आणि वडिलांना सांभाळावं.

लता असलं काहीच म्हणाली नव्हती.

का म्हटलं मी तसं? सुभाषला संकोच वाटू नये म्हणून? त्याला इंग्रजी कुठं येत होतं? मी त्याच्यासमोर उभी राहून खरं ते इंग्रजीत सांगितलं असतं, तर त्यानं हसून मला चहाच दिला असता. नाही, कारण एवढंच की ते वाक्य तयार होतं. मरायला टेकलेली आई जे बोलते ते वाक्य. मला शोधावं लागलं नाही. क्लारानं ते वहीत उतरवलं, तिचे डोळे भरून आले, आणि मला — हेही लिहून टाकते — मला बरं वाटलं.

खरं ते टेपवर होतंच. नंतर सावकाश लिहून काढताना दुरुस्त करू, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच दिवसांत फोनवर इंग्रजी बोलायच्या नोकऱ्या पहिल्यांदा निघत होत्या. मुलाखतीत उच्चार बघतात, असं ऐकलं होतं. मी संस्थेचा टेपरेकॉर्डर घरी आणायची आणि इंग्रजी पेपरातल्या बातम्या परदेशी थाटात वाचून टेप करायची. पुन्हा ऐकायची, पुन्हा करायची. जुन्या, नको असलेल्या कॅसेटवर. एका सकाळी ऐकायला म्हणून कॅसेट लावली आणि हौसेनं वाचलेली बातमी संपल्यावर शेवटी, टेपच्या टोकाशी, अर्धा शब्द ऐकू आला. बाईचा आवाज. मग खट् — टेप संपली.

कॅसेट काढून पाहिली. लता. दुसरी बाजू.

नवी भाषा शिकायच्या नादात मी एका बाईला पुसून टाकलं होतं.

पळतच वस्तीत गेले. पुन्हा बोलून घेऊ, काय लागतं त्याला? खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, काल सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखान्यात गेले. खाटांच्या लांबच लांब रांगेत ती खिडकीशी होती, नाकातोंडावर मास्क. बोलायचा प्रश्नच नव्हता. तिनं मला ओळखलं. मास्कच्या आत तिचे ओठ हलले, आतून वाफ धरली आणि विरली. आवाज आला नाही, पण शब्द कळला.

"सांगितलं?"

मी मान हलवली. होय अशी. तिनं डोळे मिटले. माणूस ओझं खाली ठेवतं ना — चेहरा तसा झाला. मी खाली उतरले, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहून रस प्यायले. संपूर्ण ग्लास. तहान लागली होती.

क्लारा आता निघणार होती. सगळ्या कॅसेटी ती बरोबर नेणार होती. मी तिला सांगू शकले असते. फार तर ती रागावली असती, डॉक्टरबाईंनी — संस्था चालवणाऱ्या बाईंनी — दोन शब्द सुनावले असते. तेवढंच. आज वाटतं, तेवढंच.

दुपार होती. पेठेतली दुपार तुम्हाला माहीत असेल — दुकानांच्या फळ्या लागलेल्या, माणसं पंख्याखाली आडवी, जिन्यात कबुतरांखेरीज कुणी नाही. मी आतल्या खोलीचं दार लावलं. तीच कॅसेट, तीच बाजू टेपरेकॉर्डरला लावली आणि डोक्यावरून रजई घेतली. छातीशी उशी आवळून धरली, म्हणजे श्वास अर्धाच जातो. आणि लताच्या आवाजात बोलायला लागले.

पहिली दोन वाक्यं माझी होती. मग काय झालं, मला नीट सांगता येत नाही. तिच्यासारखा पंजा वर करायची काही गरज नव्हती. टेपला हात कुठं दिसतो? पण माझा हात आपोआप वर गेला. आणि मी खोकले. खोटं खोकायला सुरुवात केली आणि खोकला थांबेना. छातीतून, खोलवरून. रजईत उकडत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती मधेच सोडलेल्या शब्दापासून पुढं बोलत होती.

ती — असंच लिहिलं मी. राहू दे.

"बाळा, लई शिक. मोठी हो. पप्पांना सोडून कुटं जाऊ नको. त्यास्नी तुझ्याबिगर कोन हाय? तू त्यांना वाढशील तवा मी हितंच आसंन. बगत आसंन."

क्लाराच्या वहीतल्या वाक्याशी जुळायला हवं होतं, म्हणून शिक आणि सांभाळ. पण ते शेवटचं — बगत आसंन — ते कुणी मागितलं नव्हतं. ते मी घातलं. चांगलं वाटलं म्हणून.

रजईतून बाहेर आले तर दाराबाहेर आई उभी. झोपेतून उठून आली होती.

"कोण आलंय गं?"

"कुणी नाही. का?"

"बाई कोण खोकत होती ती? छाती फुटेल तिची. पाणी तरी दे तिला."

मी म्हटलं, मीच होते. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं खोलीत पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि खोलीच्या उंबऱ्याशी ठेवून गेली. माझ्या हातात दिला नाही.

क्लारानं जायच्या आधी ती बाजू थोडी ऐकली. भाषा कळत नव्हती, तरी म्हणाली, हिचा आवाज इथं किती वेगळा वाटतो. मी म्हटलं, थकली होती. ती गेली, आणि काही दिवसांनी लताही गेली. मला फोनवर बोलायची नोकरी मिळाली. सगळं आपापल्या जागी लागलं, असं मला वाटलं.

आणि मग पार्सल आलं. क्लारा चांगली मुलगी होती, दोष द्यावा असं तिच्यात काहीच नव्हतं. लता गेल्याचं तिला कळलं होतं. त्या पोरीला आईचा आवाज असावा म्हणून तिनं दुसऱ्या बाजूची नक्कल करून संस्थेकडं पाठवली होती. डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. "तूच नेऊन दे. तुझी ओळख होती तिच्याशी." संस्था नदीपलीकडं होती; मी लकडी पुलावरून ती कॅसेट पर्समध्ये घेऊन गेले. खाली नदीला पाणी होतं. थांबलेही. पण डॉक्टरबाई सुभाषला विचारणारच होत्या, मिळाली का म्हणून. म्हणून पुढं गेले.

खोलीत तिघं होती. सुभाष, प्रज्ञा आणि बार्शीची शांता — लताची बहीण. दाराशी एक छोटी पिशवी भरून ठेवली होती. वर कंगवा आणि दप्तर. शांता पोरीला न्यायला आली होती. सुभाष तिला अडवत नव्हता, नुसता रडत होता. शांता मला म्हणाली, "बरं झालं ताई, आलात. निघालोच हुतो आमी."

आणि मी फळीवरच्या टेपरेकॉर्डरला कॅसेट लावली.

तो आवाज डब्यांवर आपटून परत येत होता. सुभाष भिंतीकडं तोंड करून "हीच, हीच" म्हणत राहिला. खोकला आला तेव्हा शांतानं नकळत हात पुढं केला, पाठीवर फिरवायला — हवेतच राहिला तो. मी स्वतःलाच ऐकत होते, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मला ओळख पटत नव्हती. हा माझा आवाज नव्हता. लताचा होता का? तेही आता सांगता येत नाही. तिचा खरा आवाज आठवायला जाते आणि हाच ऐकू येतो.

फक्त प्रज्ञा टेपरेकॉर्डरकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आई मला बाळा म्हणत नव्हती," ती म्हणाली. "ठमे म्हणायची."

"दुखण्यात मानूस बदलतं गं," सुभाष म्हणाला.

शांता पदरानं तोंड पुसून उठली. "आवाज पार बसला हुता माज्या भनीचा," म्हणाली. "तिचीच इच्छा हाय तर मी कोन?" तिनं पिशवीतून कंगवा काढला, दप्तर काढलं, पोरीचे फ्रॉक काढून पुन्हा घडी घालून फळीवर ठेवले. मी तिथंच बसले होते. हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. ती सावकाश घड्या घालत होती. वेळ भरपूर होता.

आता सांगते, लता त्या दुपारी काय म्हणाली होती ते. शब्द न् शब्द आठवतो.

"ताई, पोरीला हितं ठिवू नका. माझी भन हाय बार्शीला, शांता. तिच्याकडं धाडा. ह्यो मानूस वाईट न्हाई. मारत न्हाई, पीत न्हाई. पन ह्येला आई लागती. आदी ह्येची आई हुती, मग मी झाले. मी गेले की पोरगी हुईल. तिला कळायच्या आत न्या. डॉक्टरबाईस्नी सांगा. ह्येला इचारू नका — ह्यो रडंल, आन तुमी इरघळाल."

तिनं माझ्याबद्दलसुद्धा बरोबर सांगितलं होतं.

पुढं प्रज्ञाचं काय झालं? वाईट काही झालं नाही, असं कुणीही म्हणेल. शाळेत हुशार. संस्थेच्या मदतीनं नर्सिंग केलं. मी लग्न होऊन कोथरूडला आले होते. संस्थेत रविवारी मुलींना इंग्रजी शिकवायला जायची. लोक म्हणायचे, एवढी नोकरी सांभाळून येते. येत होते. प्रज्ञा पहिल्या ओळीत बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघत ऐकायची.

तिची बंगळुरूच्या मोठ्या हॉस्पिटलात निवड झाली आणि तिनं नाही म्हणून कळवलं. डॉक्टरबाईंनी मला फोन केला, "तुझं ऐकेल ती. समजाव." मी तिला घरी बोलावलं. दुपारी आली, सोफ्याच्या कडेला बसली. मी पगाराचं, हॉस्टेलचं, पुढं परदेशी जाता येण्याचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पप्पांना कोण बघणार, ताई?"

"ते धडधाकट आहेत गं. काका-काकू आहेत वस्तीत. सुट्टीत येशील."

"आईनं सांगितलंय ना," ती म्हणाली. आणि तिनं डोळे अर्धवट मिटले आणि म्हणायला लागली. शाळेतल्या कवितेसारखं नाही — तसंच. तोच दम, तोच घोगरेपणा. बाळा, लई शिक. मोठी हो. पप्पांना सोडून कुटं — इथं तिचा हात वर गेला. पंजा, थांबा असा. टेपवर हात दिसत नाही. तिनं तो कुठून उचलला? लहानपणी आईला बघितलं असेल. असेलच. मग ती खोकली. त्याच जागी, तेवढाच वेळ, छातीतून. खोकून झाल्यावर सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू झाली.

माझ्या दिवाणखान्यात माझा आवाज त्या मुलीच्या तोंडातून येत होता.

त्या वेळी सांगायला हवं होतं. नोकरी हातात होती, शांता होती, वय होतं. मी पाणी आणायला उठले. पाणी दिलं आणि म्हणाले, "आईचं ऐकतेस. चांगलं आहे."

ते म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तो व्यवसायच करते.

तिनं बंगळुरू सोडलं. दोन स्थळं आली, ती सोडली. घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात ती काम करू लागली. मी एकदा त्यांच्याकडं जेवायला होते. सुभाषला ताट वाढून झालं की ती एकदा खोलीच्या कोपऱ्याकडं बघायची, नीट वाढलं ना अशा नजरेनं, आणि मगच स्वतःचं ताट घ्यायची. मी वळून पाहिलं. कोपऱ्यात काही नव्हतं. सुभाष प्रत्येक घासाला "प्रज्ञू, मीठ", "प्रज्ञू, पाणी" म्हणत होता, केस पांढरे झालेल्या पोरासारखा.

कॅसेट झिजायला लागली तेव्हा तिनं ती माझ्याकडंच आणली — ताई, तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घेता येईल का? घेतली. मी म्हटलं, खरखर आहे ती काढून देते.

"नको," ती पटकन म्हणाली. "मागचं जाईल."

"मागचं काय?"

"मागं कुणीतरी बोलतंय ना. बारीक. बाई आहे. शब्द लागत नाहीत, पण मी लहानपणापासून ऐकतेय."

जुन्या टेपवर पहिलं कधी कधी पुरतं पुसलं जात नाही, खाली राहतं, आणि नकलेतही उतरतं. यात गूढ काही नाही. ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर मी चांगले हेडफोन लावून ऐकलं. माझ्या दोन वाक्यांमधल्या जागेत, खाली, खरंच कुणीतरी बोलत होतं. घाईघाईनं, खालच्या आवाजात. माझंच पेपरवाचन असेल. तेही तिथं होतं. पण मधेच ते थांबलं, आणि थांबून पुन्हा सुरू झालं. पेपर वाचताना मी थांबत नसे. मी हेडफोन काढले. पुन्हा लावले नाहीत. खरखर तशीच ठेवून तिला दिलं.

गेल्या हिवाळ्यात सुभाष गेला. झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा खोली बायकांनी भरलेली होती, शांताही बार्शीहून आली होती, बोलणं झालं नाही. नंतर एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते.

"ताई, एक विचारायचं होतं. मावशी म्हणतेय, चल बार्शीला, नाहीतर बंगळुरूला बघ, अजून होईल. पण मला कळत नाहीये. आईनं पप्पांपर्यंतचंच सांगितलंय. तुम्ही तेव्हा खोलीत होतात ना? पुढचं काही बोलली होती का ती? टेपवर नसलेलं?"

मी दारात उभी होते, खांद्याला पर्स. ती थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"नाही गं," मी म्हणाले. "तेवढंच बोलली."

"बरं," प्रज्ञा म्हणाली. "मग राहते इथंच."